सुट्ट्या नगाचे गिऱ्हाईक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, ग्राहक संघटनेची निवृत्त चिटणीस, टेलिफोन दुरुस्त करणाऱ्या एका शांत माणसाची विधवा आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणाऱ्या कंपनीची निम्मी मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गुडघे गेले, पण डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. उलट जन्मभर लोकांना फूस लावण्याचे काम मीच केले. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण हा राग मुरलेला आहे.

वकीलसाहेब म्हणतात, "बाई, काय आणि कोणाला, एवढंच लिहा. का ते लिहू नका." चाळीस वर्षे मी सभांतून 'का' असेच विचारत आले. मरताना ती सवय मोडणार नाही.

१. राहते घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, द्यावे. ती आमच्याच कंपनीचे गोदाम सांभाळते. मागच्या खोलीतले कामाचे टेबल हलवू नये. त्यावर शोभेच्या कुंड्या ठेवल्या तर मी स्वप्नात येईन.

२. बँकेतली शिल्लक भावजयीला. माझ्या भावाला इतकी वर्षे सांभाळल्याचा हा मेहनताना आहे, उपकार नव्हे. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण धाकटा या जगात ऐकतो ते फक्त तिचे.

३. पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयाला. कडेला पेन्सिलीने लिहिलेली माझी मते खोडू नयेत.

४. ह्यांची हत्यारे, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, मीटर, चिमटे आणि भिंगाचा दिवा, वरच्या मजल्यावरच्या लिफ्टवाल्यांना. त्यांच्यासोबत 'एक नग एंटरप्रायझेस' ही माझी कंपनीही त्यांनाच. ही कंपनी काय आहे ते सांगणे भाग आहे.

आमचे दुकान वडिलांनी काढले. त्याला गल्लीकडे उघडणारी एक खिडकी होती. सुटे भाग कारखान्यातून कागदी पट्टीवर चिकटवलेले, रिळाला गुंडाळून येतात. गिऱ्हाइकाने एक मागितला, दोन मागितले, तर वडील शिंप्याच्या कात्रीने पट्टी कापून तेवढेच नग त्याच्या हातावर ठेवत. ते गेल्यावर धाकट्याने कारभार हाती घेतला, खिडकी विटांनी बुजवली आणि पाटी लावली: 'फक्त नोंदणीकृत कंपन्यांसाठी'.

पुढे ह्यांचे कान गेले. विकतची यंत्रे कानात शिट्ट्या मारत, म्हणून ह्यांनी स्वतःच एक डबी बनवली. ती खिशात ठेवायची आणि तिचे बोंड कानात घालायचे. एके सकाळी डबी मुकी झाली. आतला एक ट्रान्झिस्टर जळाला होता. तो बनायचा कधीच बंद झालेला, पण आमच्याच गोदामात त्याचे अख्खे रीळ धूळ खात पडले होते. मी दुकानात गेले. काउंटरवर नवा विक्री अधिकारी होता.

"कुठल्या कंपनीकडून आलात, मॅडम?"

"घरून."

"सॉरी, आम्ही खाजगी व्यक्तींना माल देत नाही."

"एकच हवाय हो. नवऱ्याला ऐकू येत नाही."

"लेटरहेडवर मागणी पाठवा. आणि रीळ अख्खं घ्यावं लागेल."

निम्म्या दुकानाच्या मालकिणीला दुकानातला एक नग मिळेना! मी तडक भावाच्या केबिनमध्ये शिरले.

"ताई, नियम म्हणजे नियम. तुला दिला तर उद्या अख्खं गाव दारात येईल."

"अरे, गावाने यावं म्हणूनच दुकानाला दार असतं!"

"हे बघ, इथे भाषण नको."

म्हणून मी कंपनी काढली. भागीदार मी आणि हे, मुख्यालय जेवणाचे टेबल. शिक्के, दाखले आणि खेपा यांत ऋतू पालटला. जिने मैदाने गाजवली, तिला घरातल्या एकुलत्या एका श्रोत्याशी पाटीवर लिहून बोलावे लागत होते. पाटीवर आवाज चढवता येत नाही, हे दुःख ज्याचे त्यालाच कळते. शेवटी मागणी पाठवली, तर त्याच विक्री अधिकाऱ्याचा फोन.

"वर्षाला किती लागतील, मॅडम?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

त्याने वार्षिक मागणीच्या रकान्यात 'एक' लिहिले आणि अख्ख्या रिळाचे बिल फाडले.

रीळ आले. ह्यांनी नग बसवला, बोंड कानात घातले. मी तेव्हा कोणाला तरी झोडपत होते, बहुधा धाकट्यालाच. हे म्हणाले, "अगं, जरा हळू. बहिरा होईन मी." पुढे ते गेले तेव्हा डबी चालूच होती.

माझ्या या कंपनीला दर नववर्षी धाकट्याच्या सहीचे पत्र येते: 'आमच्या सन्माननीय ग्राहकास'. बहिणीला त्याने जन्मात कधी दोन ओळी खरडल्या नाहीत. लिफ्टवाल्यांना जुन्या लिफ्ट दुरुस्त करायला सुटे भाग लागतात आणि ते रोज दारे ठोठावून परत येतात. त्यांनी माझे लेटरहेड खुशाल वापरावे.

५. आता वडिलांच्या कंपनीतला माझा निम्मा हिस्सा. धाकट्याचे मुद्दे मला पाठ आहेत. तो मूर्ख नाही, म्हणून तर जास्त चीड येते. तो म्हणतो, सुटे गिऱ्हाईक तासभर चौकशा करते आणि एक नग घेते. मान्य. मग आठवड्यातून एकच दुपार खिडकी उघड आणि पट्टी कापायची मजुरी घे. सुट्ट्याचा दर चढा असतो, हे भाजीवालीलाही कळते. तो म्हणतो, नग जाळतात आणि परत आणतात. मान्य. 'विकलेला नग परत नाही' अशी पाटी लाव. पाट्यांची तुला हौस आहेच. तो म्हणतो, कोणी त्यातून भलतेसलते बनवेल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जे भाग खरोखर घातक आहेत ते ओळख पटवूनच दे. पण लेटरहेड हा सज्जनपणाचा दाखला कधीपासून झाला? एका नगासाठी म्हातारी कंपनी काढू शकते, तर लबाड दहा काढेल. तुझ्या नियमाने चोर अडत नाही, फक्त गरजू अडतो.

आणि ज्याला सुटा भाग मिळत नाही, त्याची वस्तू त्याच्या मालकीची नसते. बिघडेपर्यंत ती त्याच्याकडे पाहुणी असते, एवढेच. तुझे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, तो पंखेवाला कारखानदार, पहिल्यांदा आला तो वडिलांच्या खिडकीशीच, दोन डायोड मागायला. तेव्हा त्याच्या पायात धड चप्पल नव्हती. लेटरहेड कुठून असणार?

म्हणून माझी अट अशी: माझ्यामागे सहा महिन्यांत विटा काढून खिडकी उघडली आणि आठवड्यातून एक दुपार कोणालाही सुटा नग विकला, तर माझा हिस्सा धाकट्याला. नाहीतर, किंवा एकदा उघडून पुन्हा बुजवली तर, तो भाचीला. मग बापलेक निम्मे-निम्मे भागीदार होतील. ती माझ्याच वळणावर गेली आहे, हे तो रोज जेवताना ऐकतोच.

६. उरलेले रीळ. मी ते परत द्यायला गेले तेव्हा धाकटा म्हणाला होता, "ताई, उघडलेलं रीळ आपण परत घेत नाही." ठीक आहे. ते माझ्या कपाटात वडिलांच्या कात्रीशेजारी आहे. कात्री धाकट्याला देते, पण ती ताबडतोब वापरायच्या अटीवर. या कलमाची वेगळी प्रत भावजयीकडे दिली आहे. मी गेल्याबरोबर तिने ती वाचून दाखवावी.

मला शेवटचे भेटायला जे कोणी येतील, त्या प्रत्येकाला दाराशी या रिळातला एकेक नग द्यावा. पट्टी धाकट्याने स्वतः कापावी, नोकराकडे सोपवू नये. सुरुवातीला हात अडखळेल. वडील दोन नगांच्या बरोबर मध्ये कात्री धरत, म्हणजे नगाचे पाय वाकत नसत. त्याला ते आठवेल. त्यांच्या मांडीवर बसून ते सगळ्यात जास्त त्यानेच पाहिले आहे.

आणि आलेल्या माणसाला, तो कुठल्या कंपनीकडून आला, हे विचारू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत तरी कायम केला.

ठिकाण: राहते घर, मागची खोली, कामाचे टेबल.
दिनांक: मुद्रांकावर आहे तोच.

(सही) मृत्युपत्र करणार

आमच्यासमोर सही झाली. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि आम्हाला मध्ये बोलू देत नव्हत्या.

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर
साक्षीदार २: (सही) शेजारचे निवृत्त पोस्टमन

लिफ्टवाल्यांना लाभ मिळणार असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. ते दाराबाहेर उभे राहून ऐकत होते.