विहिरीतलं बोंडलं

बा, आज तुलाच सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, पोरगी झाल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. मी विहिरीत उतरणारी माणसं बघितली, इथे अमेरिकेत, आणि ती अगदी तुझ्यासारखी उतरत होती. कमरेला दोर, खाली मिणमिणता दिवा, वर रहाट धरून दोघं जण, आणि गाळाची पाटी वर आली की सगळ्यांचे हात आधी त्या गाळात. फरक एवढाच की ती विहीर ग्रीस नावाच्या देशातली, दोन-अडीच हजार वर्षं जुनी, आणि मी ती पडद्यावर बघत होते.

तू गेलास तेव्हा मी सातवीत होते. शाळा तिथेच सुटली. आत्यानं मला वाढवलं आणि आपल्याच मुलाला करून घेतली. तुझा तो भाचा, जो तू गाळ काढायचास तेव्हा काठावर पुस्तक घेऊन बसायचा आणि तू म्हणायचास, "पुस्तक आत पडलं तर ते पण मीच काढायचं का रं?" तो इथे पुढचं शिकायला आलाय. ह्या गावाचं नावच स्टेट कॉलेज. सातवीतून उठलेली बाई कॉलेजात राहते म्हटल्यावर तू किती हसला असतास.

मला पोरगी झालीय. पाच महिन्यांची आहे. माझं दूध आटलं आणि बाटली काही ती धरेना. निपल ओठाला लागलं की मान फिरवते, हातपाय ताठ करून रडते. एक बाटली झाली, दुसरी झाली, सगळे आकार झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुरुवारी परत वजन करू, वाढलं नाही तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. तेव्हापासून मी पोरीजवळ एकटी बसेनाशी झाले. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची.

आणि पलंगाखालच्या बॅगेत तुझं बोंडलं होतं, तान्ह्याला चोचीनं दूध पाजायचं. तुझी तेवढी एकच वस्तू मी बरोबर आणली. आत्यानं बॅग भरताना बजावलं होतं, "ठेवायला ने हो. पाजायला काढू नकोस." तिनं ती गोष्ट मला कितीदा सांगितली असेल. मी झाले आणि आई गेली. तू कुठल्या तरी गावच्या विहिरीचा गाळ काढत होतास. गाळात जे सापडेल ते काठावर मांडून ठेवायचा तुमचा रिवाज, मग बाया येऊन "हा माझा तांब्या गं!" म्हणत आपापलं उचलून न्यायच्या. हे काशाचं बोंडलं मात्र कुणीच उचललं नाही. तू ते चिंच आणि राख लावून घासलंस आणि मला पाजायला घेतलंस. आत्या म्हणाली, "दादा, कुणाचं कोण जाणे. मेलेल्या पोराचं असलं तर?" तू म्हणालास, "अगं, विहिरीतनं आलंय, मसणातनं नाही." आत्या सांगताना आपलं वाक्य जोर देऊन सांगायची, तुझं घाईत उरकायची. म्हणून माझ्या मनात तिचंच राहिलं.

तुझा भाचा कॅम्पसवर पार्टटाइम करतो, भाषणं असतात तिथे स्लाइडचं मशीन चालवायचं. शनिवारी दुपारी मी पोरीला घेऊन त्याच्याबरोबर गेले, घरी एकटीला भीती वाटते म्हणून. मागे मशीनजवळ खुर्ची टाकून बसले. बोलणाऱ्या बाई पांढऱ्या केसांच्या, प्रोफेसर, जमिनीत गाडलेली जुनी गावं खणून काढणाऱ्या. फोटोत त्यांच्या पँटीच्या गुडघ्यांना चिखल. हा मला हळूच मराठीत सांगतोय. हे उकिरड्याचे खड्डे, बघ, हाडं आणि फुटकी कौलं. ही विहीर. मी बघते तर काय, तुझंच काम! "ते बघ, गाळ चाळतायत!" मी याचा हात हलवला, तर स्लाइड पुढे गेली.

मग कबरी आल्या. एक मोठा रांजण आडवा, आत तान्ह्या बाळाची हाडं. आणि शेजारी ठेवलेलं बोंडलं. मातीचं, काळं, चकचकीत, पण तीच चोच, तसाच पोटाचा फुगारा. मी मांडीवरच्या पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. आत्याचं खरं होतं तर. मशीन खटक् वाजलं. आता विहिरीचा तळ, आणि तिथून निघालेलं दुसरं बोंडलं. चोचीच्या टोकाची काळी झिलई उडालेली. बाईंनी आपल्याच दातांवर बोट ठेवून काहीतरी सांगितलं, लोक हसले.

"काय म्हणतात?"

"टोकावर दातांच्या खुणा आहेत म्हणे."

"कुणाच्या?"

"बाळाच्या, अजून कुणाच्या!"

"म्हणजे त्याला दात आले? म्हणजे ते जगलं!"

"हळू बोल गं!"

पण माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं होतं. सगळ्या माना मागे वळल्या. बाईंनी विचारलं, त्या काय म्हणतायत? याची कानशिलं लाल झाली, पण सांगितलं यानं. बाई इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, कबरीत असतं ते माणसांनी हातानं ठेवलेलं, पण विहिरीच्या तळाशी असतं ते पाणी भरता भरता हातून निसटलेलं. तुझंच वाक्य, बा. इंग्रजीत. मला तर तिथेच दिसलं, दात आलेलं द्वाड पोर कडेवर, त्यानं बोंडलं भिरकावलंय आणि आई विहिरीत वाकून त्याच्या नावानं शंख करतेय.

घरी येऊन बॅग ओढली, बोंडलं उकळून काढलं. हा म्हणाला, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "तुझ्या मामाचं." पोरीला मांडीवर उभी धरली आणि थेंब थेंब दूध सोडलं. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर आली. मग घशात गटक् झालं, परत गटक् झालं, आणि मी रडायला लागले तर ती थांबून माझ्याकडे बघते, की पुढचं कुठाय. गुरुवारी वजन वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी बोंडलं उलटंपालटं करून बघितलं, म्हणाल्या, रोज उकळा, तिला उभीच धरा, आणि चालू ठेवा. नळीचं नाव नाही काढलं.

हे पाठवू कुठे? घडी करून बॅगेत ठेवीन, बोंडल्याच्या रिकाम्या जागी. एक खरं सांगते. कबरीचा फोटो आला तेव्हा मी उठून पळणारच होते. पोर मांडीवर झोपली होती, उठले असते तर जागी झाली असती, एवढ्यासाठी बसले. नाहीतर पुढची स्लाइड मला दिसलीच नसती. भीती अजून गेलेली नाही, बा. पण आज पाजताना काशावर टण् असं बारीक काहीतरी वाजलं. पोरीच्या तोंडात बोट घालून बघितलं, खालच्या हिरडीवर बोटाला टोचलं.