चूलबंद आवतन आणि आकड्यांचा रकाना

मुक्काम जैनथ

रा. रा. शामराव यांस बाबारावचा हात जोडून नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत (तुमची बहीण सोडून, ती बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाही). बेल्लमपल्लीला कुमुदिनीवहिनींचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. तुम्ही रागावला आहात हे ऐकून आहे. राग रास्त आहे, पण आधी सगळं वाचा.

हर्षालीच्या लग्नाची यादी मी वहीत करत होतो. आमचे चिरंजीव अमर हैद्राबादेत सॉफ्टवेअर लिहितात, त्यांना ते पाहवलं नाही. त्यांनी फोनवर एक यंत्रणा केली. आपण घर आणि माणसं भरायची, ती घरोघरी आवतन पाठवणार, पाहुण्यांनी हो किंवा नाही दाबायचं. म्हणाला, प्रत्येक रकान्याचा डेटा टाइप ठरलेला असतो. कुठे शब्द, कुठे आकडा, कुठे तारीख, कुठे नुसतं हो-नाही. मला लगेच पटलं. मी वांगी किलोनं विकतो, मेथी जुडीनं आणि गोबी नगानं. मेथी किलोनं मागणाऱ्याला मीही परत पाठवतो.

पण माणसांचा रकाना त्यानं आधी शब्दांचा ठेवला होता. मी आनंदानं भरत गेलो. कुठे 2, कुठे 3, कुठे ‘सासू आली तर पाच’. बेरीज मागितली तर यंत्रणेनं दोन आणि तीन मिळून तेवीस केले, कारण शब्दांची बेरीज म्हणजे एकापुढे एक मांडणं (हे मला नंतर कळलं). आमच्या एका गल्लीचा आकडा फोनच्या बाहेर निघाला. माणिकराव आचारी तो बघून ओट्यावर बसले आणि म्हणाले, “एवढ्याईले भात रांधाचा त अख्खी पैनगंगाच चुलीवर चढवा लागन.”

मग अमरनं रकाना आकड्यांचा केला आणि खरं संकट आलं. तुमचं नाव आलं, मी लिहिलं ‘चूलबंद’. मुलीच्या मामाला दुसरं काय लिहिणार? घरातलं लहानथोर सगळं यावं, त्या दिवशी घरची चूल पेटू नये. चौकट लाल झाली. पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. अमर म्हणाला, “बाबा, तिथं शब्द काऊन भरून राह्यले? आकडाच चालते.” मी म्हटलं, चूलबंदला आकडा नसतो, पाहुण्याकडे पाहुणा आला तर तोही त्यात धरतात. त्याला ते समजावता समजावता यंत्रणेनं आपल्या मनानं एक धरला, आणि तुम्हाला निरोप गेला, ‘आपल्या घरून 1 व्यक्ती अपेक्षित’. घरटी एक! सख्ख्या मामाला! तुमची बहीण एकदाच बोलली, “माह्या भावाले एकट्यालेच आवतन? मंग वहिनीनं का चूल पेटवाची?” त्यानंतर ताट नुसतं समोर सरकवते.

तेव्हा हळदकुंकू लावलेली पत्रिका सोबत आहे. तीत माझ्या हातानं चूलबंद लिहिलं आहे. चूक यंत्राची, माफी माझी.

आपला,
बाबाराव

ता. क. — आता खरं सांगतो. यंत्रणेनं आपल्या मनानं काही धरलं नव्हतं. लाल चौकट जाईना म्हणून चिडून मीच 1 दाबला. तुमच्या बहिणीला, मथुराला, हे सांगू नका, तिचा राग सध्या अमरवर आणि माझ्यावर अर्धा अर्धा वाटला गेला आहे.

ता. क. दुसरा — तुमच्या नावापुढचा हो-नाहीचा रकाना अजून रिकामा आहे. अमर म्हणतो, रिकामा म्हणजे ‘नाही’ नव्हे, उत्तर यायचं आहे एवढंच. हर्षाली दिवसातून चारदा तो उघडून बघते. मामानं हात धरून आणल्याशिवाय मांडवात पाऊल टाकणार नाही म्हणते, आणि ती आईवर गेली आहे. मलाही तुमच्याशिवाय मांडव नको आहे, शामराव. फोनवर काही दाबू नका. नुसते या.