एकच कडी

माय, तुझ्या दाराची कडी अजून माझ्या कानात वाजते. आधी कडी, मग तिच्यात खुपसलेली बांबूची काडी, मग लांब जाणारी तुझी पावलं. चैतात तू उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला रानात जायचीस आणि मला घरात कोंडून जायचीस, कारण वाघ गावाच्या कडेपर्यंत यायचा. ते मला कळत होतं. पण मी शेजारच्या पोरीला चावले तेव्हा आणि शाळा बुडवून तलावावर गेले तेव्हाही तू तसंच कोंडलंस. तेच दार, तीच काडी आणि जाताना तेच बोलणं, "गप रहा, येतोच मी." मी दाराच्या फटीला डोळा लावून बसायची आणि आज आपण काय केलं ते आठवत राहायची. काहीच केलं नसेल त्या दिवशी तर जास्तच आठवायची.

एकदा मागच्या कुडाचं भोक मोठं करून मी तुझ्यामागे रानात आले. तू मोहाखाली वाकलेली. मला पाहिलंस, टोपली टाकलीस आणि अशी कानशिलात दिलीस की कान सुन्न झाला. "वाघानं नेलं असतं तुले, तं मी कुठी शोधलं असतं?" म्हणालीस आणि तूच रडायला लागलीस. मला पोटाशी घट्ट धरलंस. सुटता येईना म्हणून मी तशीच राहिले. खरं सांगते, तो राग अजून गेलेला नाही. यातली शिक्षा कोणती आणि काळजी कोणती, हे तू असेतो विचारायला हवं होतं.

आता मी भद्रावतीत पहिल्या मजल्यावर राहते. माझ्या पोरीला घरी ठेवून दळण आणायला निघाले तरी हात कडीकडे जातो. नणंद म्हणाली, "पोरीले काऊन कोंडते वं?" जिन्यावरून पडेल, म्हटलं. जिन्याला चांगला कठडा आहे. पण कडी लावली नाही तर माझा पाय उचलत नाही, आणि लावली की चक्कीवर उभ्या उभ्या माझाच जीव गुदमरतो.

आज दुपारी पोरीनं बाहुली पोह्यांच्या रिकाम्या डब्यात घातली, झाकण लावलं, वर लाटणं ठेवलं. "गप रहा, येतोच मी," तिला म्हणाली. हे मी रोज बोलते, हे मला तिच्याकडून कळलं. मी झाकण काढायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"नको काढू आई, बाहेर वाघ आहे."

तुझा वाघ खरा होता, माय. इथला मीच तिला सांगितला आहे.