तिसऱ्या साहेबांचे आभार

ती. ताईस धाकटीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच). तुझा गुडघा आता जिने चढू देतो का ते कळव. आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

मुलाखत झाली की आभाराचं पत्र पाठवायचं, हा तुझा सल्ला मी मनावर घेतला. छापखाना बंद पडून अकरा महिने झाले, चार ठिकाणांहून नकार आले, तेव्हा या खेपेला काही म्हणजे काही राहू द्यायचं नाही, असं ठरवूनच गेले. समोर तिघं होती. मॅडम कागद बघत होत्या, शेजारचे साहेब मोबाइल. तिसरे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले, पण माझ्याकडे बघणारे तेवढे एकटेच. गिऱ्हाईक भडकलं तर काय कराल, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, आधी पुरतं बोलू देईन, मग तक्रार लिहून घेईन आणि लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवीन. तिसऱ्यांनी मान डोलावली. मग काय, उरलेली सगळी उत्तरं मी त्यांनाच दिली.

घरी येऊन तीन पत्रं लिहिली. दोघांची नावं दारावरच्या पाट्यांवर वाचली होती. तिसऱ्यांचं विचारायला पुन्हा बस पकडून गेले (मी हट्टाला पेटले की काय होतं, तू जाणतेसच). पहारेकरी आधी बुचकळ्यात पडला, मग इतका हसला की त्याची टोपी पडली. ते साहेब नव्हतेच गं! एसी दुरुस्त करायला आलेले मेकॅनिक, खोली रिकामी व्हायची वाट बघत बसले होते.

क्षणभर वाटलं, पत्र फाडून टाकावं. पण मान तर त्यांनीच डोलावली होती ना? दुकानाचा पत्ता घेतला आणि स्वतः नेऊन दिलं. त्यांनी हात पुसून ते दोनदा वाचलं. म्हणाले, "बाई, गार हवा सगळ्यांना लागते, आभार कुणी मानत नाही." तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या बायकोने उचलला, गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडली आणि आपटला. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचं ते वाचून दाखवायचं," ते म्हणाले, "इथे कराल का?"

सोमवारपासून त्या फोनवर मी बसते.

तुझी,
धाकटी

ता. क. आईने विचारलं तर मी वातानुकूलन क्षेत्रात आहे, एवढंच सांग.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. काल त्या मॅडमचा फोन आला. पत्र फार आवडलं, जागा तुमचीच, म्हणाल्या. पण जिथे माझं बोलणं ऐकून घेतलं गेलं, तिथून मी हलणार नाही, हे पक्कं. तेवढं त्यांना कसं लिहायचं ते उलट टपाली कळव. आजवर नकार नुसते घेतलेत गं, द्यायची वेळ पहिलीच.