यंदा काय लुटणार

५ जाने.
कोहक्याले जाऊन आली, धाकट्या जावेचं नवं घर पाहायले. वैशालीनं फ्रिज दाखवला, दोन दारांचा, दारातूनच बर्फ पडते. मी म्हटलं, छान आहे. एकाच सासरी आलो दोघी. तिचा नवरा ठेकेदार झाला, आमचे हे स्टील प्लांटात बाबूचे बाबूच.

७ जाने.
शेजारच्या जोशीकाकू सांगून राहिल्या, वैशाली यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात चांदीचे करंडे लुटणार म्हणे. मागच्या साली मी प्लास्टिकच्या चाळण्या लुटल्या. बायका हसल्या असतील. नक्कीच हसल्या.
ह्यांना म्हटलं, तर पेपरातून मान वर न करता, "तुले कायले तिची बरोबरी? चाळणी कामाची तरी असते." ह्यांच्याशी बोलून फायदा नाही.

१० जाने.
दुर्गले सराफाकडे. आईचे चांदीचे तोडे मोडले. वीस करंडे आले, बोराएवढे. तोडे मुग्धाचे होते, आई जाताना म्हणाली होती, नातीले दे. पण माझी लेक पुण्यात जीन्स घालून फिरते, तिले काय करायचे तोडे? ह्यांना सांगितलं नाही.

१८ जाने.
माझं ह.कुं. झालं. बायका करंडे उलटे करून शिक्का पाहत होत्या. समोरची तिवारीण म्हणे, "भाभी, इस बार की लूट तो सबसे बढ़िया." वैशालीनं करंडा कपाळाले लावून पर्समध्ये टाकला. मी तिचंच तोंड पाहून राहिली होती. लय बरं वाटलं. खरं लिहिते, मुग्धा झाली त्यानंतर इतकं बरं वाटलं नव्हतं.
अर्ध्या तासात सगळ्या आपापल्या घरी.

२१ जाने.
वैशालीकडे ह.कुं. चांदी कुठली अन् काय. तिनं घरी वळलेल्या वाती लुटल्या, अन् तिळाचा एकेक लाडू. जोशीकाकू वरून म्हणतात, "मले कोणीतरी तसं सांगितलं होतं बाई."
म्हणजे जिंकली मी. पण बायका तिच्याकडे तीन तास बसल्या. उखाणे, नकला, दोनदा चहा. तिवारीण तर हसून हसून बेजार झाली. माझ्याकडे बूड टेकायले वेळ नव्हता कोणाले. वातींवर तीन तास.
जळफळाट होऊन राहिला नुसता.

२४ जाने.
मुग्धाचा फोन. लग्न ठरवलं तिनं, ऑफिसातलाच मुलगा. मी काही बोलायच्या आत, "आई, लग्नात आजीचे तोडे घालणार मी. पॉलिश करून ठेव."
हो म्हटलं.
मग म्हणे, "वैशालीकाकूनं तुझ्या करंड्याचा फोटो पाठवला. काय गोड आहे. माझ्यासाठी एक ठेवला ना?"
त्यालेही हो म्हटलं. वीसच्या वीस लुटले. एक ठेवायचं सुचलंच नाही.

२५ जाने.
एक तरी परत पाहिजे. मागायचा तर वैशालीलेच, बाकीच्या गावभर करतील. पण दिलेलं वाण कोणी परत मागते का? कोहक्याच्या वळणापर्यंत गेली, मेथीची जुडी घेऊन परत आली.
संध्याकाळी तिचाच फोन. "ताई, तुमचा करंडा देवापुढे ठेवला. रोज त्यातलंच कुंकू लावते मी." मी म्हटलं, बरं केलं.
उद्या जाईन. की आधी ह्यांना सांगू? मुग्धाले काय सांगायचं ते काही सुचत नाही. माझ्या आईची चांदी वैशालीच्या देवघरात, अन् एवढं होऊनही मले हेवा वाटते तो तिचाच.