मेरीची खोली

शनिवार, १५ नोव्हेंबर. जळगाव जामोद.

दादाचा राग येतो आहे. त्याहून जास्त स्वतःचा.

केरळची नर्स मेरी गेल्या महिन्यात नोकरी आणि आमची वरची खोली सोडून गेली. मीटरवर खडूने लिहिलेलं तिचं नाव अजून आहे. आज तिच्याच दवाखान्यातली नवी नर्स खोली पाहायला आली, रोहिणखेडची मरियम. सोमवारपासून ड्यूटी. मीटर पाहून हसली. "सर, हे तं माह्यंच नाव हाय. ख्रिश्चन लोक मेरी म्हणतात, आम्ही मरियम."

दादाने मला आत ओढलं. "नाही म्हण तिले."

"मेरी चालली, मंग मरियम काऊन नाही? नाव एकच आहे."

"तुहं कालेजातलं मले नको शिकवू बे. मेरी केरळची होती. हे रोहिणखेडची हाय."

भांडायला हवं होतं. घर माझंही आहे ना? बाहेर आलो आणि म्हणालो, खोली आधीच दिली.

"कोनाले, सर?"

समोर मीटर होतं. त्यावरचं नाव. "मेरीलेच. परत येऊन राह्यली ते."

मरियमने पिशवी उचलली.

"तिच्याच जागेवर तं मी लागली, सर."