स्लीप कन्सल्टंटच्या छातीवर कोण बसलं

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे एक किरकोळ प्रकार घडला. किरकोळच आहे, पण नोंद असलेली बरी.

जाग आली. डोळे उघडे. खोली आमचीच, पंखा आमचाच, शेजारी बायको घोरत होती (ती घोरत नाही म्हणते). फक्त मला हलता येईना. हात नाही, पाय नाही, मान नाही. ओरडायला गेलो तर आवाज नाही. आणि कपाटापाशी एक माणूस उभा. चेहरा नव्हता, तरी माझ्याकडेच बघत होता हे नक्की. मग तो सावकाश आला आणि माझ्या छातीवर बसला. चांगला जड होता. श्वास पुरेना. आणि मग एकदम सगळं सुटलं. कोणी नाही.

घाबरलो अजिबात नाही. नंतर कपाट उघडून पाहिलं ते शर्टाला इस्त्री आहे का बघायला. पलंगाखाली वाकलो ते चपलांसाठी.

निदान : ॲसिडिटी. आजपासून रात्री हलकं जेवण.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. आपलं दुसरं शोरूम निघतंय, मॅनेजर हवाय. दोन नावं डोक्यात आहेत, मी आणि कॅशियरबाई. म्हणजे खरं तर एकच. गाद्या विकण्यात माझी उमर गेली. माझ्या कार्डावर ‘स्लीप कन्सल्टंट’ छापलेलं आहे. कॅशियरबाईंना कार्डच नाही.

तेवीस तारखेला शोरूममध्ये ग्राहकांसाठी कार्यक्रम : ‘शांत झोपेचं शास्त्र’. वक्ता मी. मालक म्हणाले, बघू कसं होतंय ते. मालकांचं ‘बघू’ म्हणजे ठरल्यातच जमा.

तयारी लगेच सुरू. रात्री झोपेच्या महत्त्वावरचे व्हिडिओ पाहिले. मोठ्या माणसाला सात-आठ तास झोप हवीच, हा मुद्दा फार पटला. तो नीट लिहून काढेपर्यंत तीन वाजले.

९ फेब्रुवारी, रविवार

परत आला. या वेळी आधी पावलं ऐकू आली, मग कानाशी कुजबुज. शब्द कळले नाहीत. ॲसिडिटी बोलत नाही, त्यामुळे निदान बदलावं लागेल.

आईला सहज म्हणून सांगितलं. ती म्हणाली, काहीतरी आहे. काय आहे विचारलं तर म्हणाली, आहे काहीतरी. शिकल्यासवरल्या माणसाने असल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.

आजपासून दिवा लावून झोपणार. पाणी प्यायला उठलं की अंगठा ठेचतो म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कारण सापडलं. गादी! दिवसभर लोकांना पाठीच्या कण्यावर उपदेश करणारा मी घरी लग्नातल्या कापसाच्या गादीवर झोपतो, हे ग्राहकांना माहीत नाही. मधे एवढा खड्डा पडलाय की बायको आणि मी रोज रात्री न बोलता तिथे भेटतो. छातीवर दाब येणारच.

मालकांना विचारून शोरूममधला एक डिस्प्ले पीस घरी आणला. बायकोने तो कुठल्या खोलीत मावणार विचारलं. शास्त्रात अडचणी येतातच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गादी उत्कृष्ट. तो बसला तरी तसूभर दबली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बायको आईच्या खोलीत झोपायला गेली. दिव्याने झोप येत नाही म्हणे. शिवाय रात्रभर माझा व्हिडिओ चालू. मी अडवलं नाही. मोकळं झोपायला मिळतं. खोली जरा जास्तच मोकळी वाटते, एवढंच.

जाताना म्हणाली, डॉक्टरकडे चल. ती दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे, त्यामुळे तिला कशावरही डॉक्टरच सुचतो. मी म्हटलं, स्लीप कन्सल्टंट झोपेची तक्रार घेऊन रांगेत बसला आणि एखाद्या ग्राहकाने पाहिलं तर? ती म्हणाली, तो ग्राहकही रांगेतच बसलेला असेल ना. हिला विषयाचं गांभीर्यच नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. पहाट

युरेका! याला नाव आहे : स्लीप पॅरालिसिस. व्हिडिओत सगळं सांगितलंय.

स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर माणूस स्वप्नात पळताना खरंच भिंतीवर आपटेल. कधीकधी मेंदू जागा होतो, पण स्नायूंचा स्विच चालू व्हायला उशीर होतो. आपण जागे, अंग झोपलेलं आणि स्वप्न अजून खोलीत रेंगाळलेलं. मेंदूतला भीतीचा भाग तेव्हा जोरात असतो. हलता येत नाही म्हणजे कोणीतरी आलंय, असं ठरवून तो माणूसही उभा करतो. श्वास आपोआप चालू असतो, पण मुद्दाम खोल घेता येत नाही, म्हणून छातीवर ओझं वाटतं.

म्हणजे तो माणूस मीच तयार केलाय. शास्त्र कळलं की भीती संपते. हे वाक्य भाषणात घेणार.

कारणंही दिली होती : अपुरी झोप, झोपेच्या अनियमित वेळा, मनावर ताण, उताणं झोपणं. पहिली तीन मला लागू नाहीत. आता पावणेचार झालेत, थोडं पडतो.

त्याच दिवशी. सकाळी

आला होता. त्याला शास्त्र माहीत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उताणं झोपायचं नाही म्हणून बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिस बॉल घातला. शिवला मीच, बायकोने फक्त सुईत दोरा ओवून दिला. (आणि खिसा शिवला.) झोपेत बॉल सुटून पलंगाखाली घरंगळला. त्या आवाजाने मी जो उठलो तो थेट आईच्या खोलीत. त्यांना बघायला गेलो होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अंतिम उपाय मिळाला. झोपायचंच नाही. झोपलो नाही की तो येत नाही. कालची रात्र खुर्चीत बसून काढली, आजचीही काढणार. इतका सोपा इलाज वैद्यकशास्त्राला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं.

शोरूममध्ये भर दुपारी एका ग्राहकाला ‘शुभ रात्री’ म्हणालो. त्याला वाटलं, ही आमची पद्धत आहे. कॅशियरबाईंनी घरी सगळं ठीक ना विचारलं. स्पर्धा आहे, माणूस खोदून खोदून विचारणारच.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्री

कार्यक्रम झाला. घडलं ते घडलं तसं लिहितो.

शोरूम भरलेलं. बायको आणि आई पुढच्या रांगेत. सुरुवात दणक्यात झाली. सात-आठ तासांचा मुद्दा मांडताना मला दोन जांभया आल्या, लोकांना तो अभिनय वाटला. मग झोपायची योग्य पद्धत दाखवायला मी मधल्या गादीवर उताणा पडलो. म्हटलं, आता डोळे मिटायचे.

मिटले.

उघडले तेव्हा हलता येईना. सगळं ऐकू येत होतं. मालक माईकवर सांगत होते, बघा, दीड मिनिटात झोपला! ही आपली गादी! टाळ्या पडल्या. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, डोळे उघडे ठेवून झोपलाय हो. नवरा म्हणाला, ट्रेनिंग असतं त्यांना. एका मुलीने माझ्याबरोबर फोटो काढला.

आणि ग्राहकांच्या मधून तो आला. कोणीच वाट दिली नाही, तरी आला. बसला. मी आतून ओरडत होतो. मला स्नायू आठवले, स्विच आठवला, भाषणाचे सगळे मुद्दे क्रमाने आठवले. काही उपयोग नाही. वाटलं, हे सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी इथेच, गादीवर, सगळ्यांसमोर मरणार.

मग बायकोचा चेहरा दिसला. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. डोळे तेवढे हलत होते. ती उठली, मालकांना बाजूला करून आली आणि माझा हात घट्ट धरला. म्हणाली, अहो, मी आहे इथे. कोणी नाहीये. श्वास चाललाय तुमचा, चालू दे.

सुटलो. सुटताना ‘आई गं’ असा ओरडलो की पुढची रांग उठून उभी राहिली. आई तर आलीच.

नंतर बायकोला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, तुमचे डोळे. पाणी येत होतं डोळ्यांतून.

शोरूममध्ये धूळ फार आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरकडे गेलो. बायकोच्या समाधानासाठी. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ लोकांना आयुष्यात कधीतरी होतं, यात जिवाला धोका नाही. किती झोपता? मी म्हटलं, सात-आठ तास. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आठवड्याला.

सल्ला : रोज एकाच वेळी झोपा, मोबाईल बाहेर ठेवा, कुशीवर झोपा. आलंच तर झगडू नका. पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा. एवढं करूनही वारंवार होत राहिलं किंवा दिवसा अशी अचानक झोप लागत राहिली तर परत या.

मी विचारलं, मग यात भीतीदायक काहीच नाही ना? डॉक्टर म्हणाले, तसं कुठे म्हणालो, मलाही होतं कधीकधी. मी तर उशी फेकून मारतो.

३ मार्च, सोमवार

मॅनेजर कॅशियरबाई. मालक म्हणाले, तुझी गरज इथे जास्त आहे. त्या दिवशी तीन गाद्या बुक झाल्या, तेव्हा दर रविवारी तसाच झोपून दाखवशील का? ओरडणं नको, बाकी सगळं तसंच.

कॅशियरबाईंचं अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, तुम्ही आधी झोपा हो. मनापासून म्हणाल्या, हीच पंचाईत आहे.

३० मार्च, रविवार

महिनाभर दहाला दिवा बंद. बायको परत आली आहे. एकदाही प्रकार नाही. विजय संपूर्ण. ही वही आज बंद करावी म्हणतो.

अजून थोडं. आज पहाटे तो आला. मी अत्यंत शांत होतो. मनात म्हटलं, तू नाहीस, तू माझ्याच मेंदूचा उशीर आहेस. तो बसला. मी डाव्या पायाचं बोट हलवलं. गेला. संपूर्णपणे शास्त्रीय पद्धतीने, कोणाच्याही मदतीशिवाय.

बायको म्हणते, मी तिच्या नावाने एवढा ओरडलो की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. आणि मी हलवलं ते बोट तिच्या पायाचं होतं.